किरकोळ

एका बाजूला सिनेमा, दुसऱ्या बाजूला आमचं घर.
गुलाबी कागद. सिनेमाचं नाव
गोडेतेलाच्या डागात बुडालेलं,
उरलंय ते एवढंच: रोज दोन खेळ,
स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय,
आणि कोपऱ्यात नायकाचा एक कान, कपाळावरची झुलपी.

करीमसाबच्या टांग्यातून उधळायचे हे कागद.
वर भोंगा, मागं आम्ही पोरं,
सेलूच्या जिनिंगपासून थेट स्टेशनापर्यंत.
घोड्याला सगळी गाणी पाठ आहेत, करीमसाब सांगायचा,
कडवं आलं की दुडक्या चालीनं धावतो.
त्या बुधवारी मी सात कागद धरले.
आईनं त्यातला एक ओढून घेतला, उलटा केला,
पेन्सिलीच्या टोकाला जीभ लावली.

अण्णांनी दिले: चार रुपये.
जवारी, पाच शेर. शेर खोडून किलो: दोन रुपये साठ.
घासलेट, बाटली: तीस.
गूळ अर्धा किलो, पस्तीस. काडेपेटी सहा.
माहेरी कार्ड, पाच.
विड्या, दोन आणे, म्हणजे बारा.
खरे साडेबारा,
पण अर्धा पैसा कुणी बघितलाय?
घेवरचंदनं बघितला होता.
दोन आण्याचे तो घेताना तेरा घ्यायचा,
देताना बारा.
म्हाताऱ्या बाया अजून विचारायच्या,
‘हाली का कलदार रं बाबा?’
आणि तो गल्ल्यावर हात ठेवून,
‘नया पैसा, माय. सरकारचा.’

सगळ्यात खाली, अक्षर जरा बारीक:
किरकोळ, एकतीस.

त्या संध्याकाळी आई सोजरमावशीकडं गेली होती.
सून अडलीय म्हणाली.
दिवेलागण झाली, जेवणवेळ टळली,
मी धाकट्याला गूळभाकर देऊन निजवलं.
आली तेव्हा चुलीपाशी न जाता
न्हाणीत किती तरी वेळ पाय धूत बसली.
लुगड्याच्या घोळातून वाळू गळत होती,
नदीची नव्हे, तंबूत पसरतात तसली बारीक.
अण्णाही उशिराच आले, बशीरच्या हॉटेलातून,
बुधवारी तिथं सिलोन ऐकायला ही गर्दी.
‘सोजरची सून कशी हाय?’
‘सुटली. पोरगं झालं.’
‘बरं झालं,’ म्हणाले, आणि पाटावर बसले.
सोजरमावशीला सून नव्हती. मुलगाच नव्हता.
अण्णांना हे ठाऊक नसेल?
त्यांचा दहा पैशांचा चहा तरी
कुठल्या कागदावर आहे?

तंबूच्या दाराशी बापू डहाळे फुटाणे विकायचा.
चौदा कॅरेटचा कायदा आला, भट्टी विझली,
तर सोन्याच्या ताजव्यात फुटाणे तोलायला लागला,
एक दाणा इकडं, एक दाणा तिकडं,
पाठीमागची पोरं ओरडायची, पिक्चर सुटंल की बाप्पू!
खूप वर्षांनी बँकेच्या खिडकीशी
पेन्शनीला आला, मला ओळखलं नाही, आईला ओळखलं:
‘प्रयागबाईची का तू? एक आण्याचे न्यायची,
कधी मोजू दिले नाहीत. म्हणायची, उगं घाला की ओंजळीत.’

चार आणे तिकीट, एक आणा फुटाणे.
पंचवीस आणि सहा, एकतीस.
माझी आई खोटं बोलायची, लिहायची मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना
तिनं माझा मधला भांग मोडला,
डाव्या बाजूनं नवा पाडला, एक बट कानापुढं सोडली,
मान वाकडी करून लांबून बघितलं.
बाई म्हणाल्या, हे काय सोंग? मी सांगितलं, आईनं केलंय.

तीस वर्षं मी रोकड मोजली,
संध्याकाळी एका पैशासाठी दिवा लावून बसले.
हा कागद कितीदा तरी जुळवला.
खर्च तीन रुपये एकोणऐंशी. उरायला हवेत एकवीस.
तिनं लिहिलंय: शिल्लक सतरा.

चार पैसे.
चार पैशात तेव्हा काय येत होतं, आठवून बघते.